सोबतची प्रत

३ मार्च

विभागप्रमुख बाईसाहेबांस,

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवल्या तशा लिहितो. आईच्या औषधांचं नऊ खणांचं कपाट, दाराला आतून यादी चिकटवलेलं. तुमच्या वहिनीच्या शिवणयंत्राचं झाकण. तीन मेलेल्या टाइपरायटरांमधून एक जिवंत टाइपरायटर, असं चार वेळा. टायपिस्ट बायकांना रेकॉर्डिंग ऐकता ऐकता पायाने थांबवता यावं म्हणून पेडल, एक्केचाळीस नग, त्यातलं एकही आजवर दुरुस्तीला आलेलं नाही. घराचं फाटक. तुमच्या अभ्यासाचं टेबल. आणि टाचणी. टाचणी म्हणजे आपल्या कचेरीत सगळ्या टायपिस्ट ज्या एडिटरवर टाइप करतात त्याला जोडायचं प्लगिन. कोर्टाच्या साक्षीत वेळेची खूण टोचते, आखूड लिहिलेले शब्द पुरे करते, दर दोन मिनिटांनी फाईल आपोआप साठवते. सहा हजार दोनशे अकरा ओळी. सगळ्या माझ्या. त्यात कॉलेजात शिकलेल्या कोणाचीही एक ओळ नाही.

यादी कोणी मागितली नव्हती, ठाऊक आहे मला. तुम्ही कार्डावर मागितलंत ते एवढंच: ‘दादा, टाचणी शेवटची बिल्ड केलीस तेव्हा कुठलं हेडर घेतलं होतंस? ३० तारखेला माझी सुनावणी आहे. एवढंच कळव.’

तीन महिन्यांनी सख्ख्या भावाला एक कार्ड, त्यात तीन वाक्यं. आई कशी आहे, नाही. तू कसा आहेस, नाही. निलंबित झाल्यावर माणसाला वेळ असतो म्हणतात.

पानभर ‘तुम्ही’ लिहायचं ठरवलं होतं, पण हात वळत नाही. तर ऐक. जावईबापू मागे आले होते तेव्हा वहिनीला म्हणाले, तुझं टेबल डुगडुगतं, एक पाय आखूड आहे. त्यांना सांग, आखूड नाही, तो मी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आखूड केलेला आहे. आपल्या मागच्या खोलीची फरशी त्या कोपऱ्यात चढी होती. त्या फरशीवर ते टेबल अकरा वर्षं हललं नाही. तू ते उचलून सपाट फरशीवर नेलंस, त्याला मी काय करू? आणि खाली कागदाची घडी घालू नकोस. अपमान होतो टेबलाचा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जे हेडर घ्यायचं तेच घेतलं होतं.

कंत्राटी तंत्रज्ञ, दहावी पास


८ मार्च

बाईसाहेब,

माझंच पत्र मला परत! शेवटच्या ओळीखाली लाल रेघ आणि पुढे ‘कुठलं?’. मास्तरीण झाली असतीस तर पोरं पळून गेली असती.

वर चिठ्ठी की, तुझ्या वकीलबाईंना हेडर म्हणजे काय तेच कळत नाही, तू दोनदा सांगून पाहिलंस. तू सांगायला गेलीस म्हणूनच कळलं नसणार. हे त्यांना वाचून दाखव.

वकीलबाई, आमच्या आईचं औषधांचं कपाट डोळ्यांपुढे आणा. नऊ खण. दाराच्या आतल्या बाजूला यादी: पहिल्या खणात रक्तदाबाची गोळी, दुसऱ्यात साखरेची, असं. एडिटर म्हणजे ते कपाट. प्लगिन म्हणजे बाहेरून हात घालून औषध काढणारा माणूस. तो लेबल वाचत नाही, वास घेत नाही, नुसते खण मोजतो. पाचवा म्हटलं की पाचवा. कुठल्या खणात काय आहे ते सांगणारी यादी म्हणजे हेडर फाईल. प्लगिन बिल्ड करताना ती यादी एकदाच वाचली जाते आणि मग प्लगिन जन्मभर तीच धरून चालतं.

आता यादी दोन ठिकाणी मिळते. एक कपाटाच्या दाराला असते, म्हणजे मशीनवर एडिटरसोबत आलेली. आणि दुसरी तुम्ही कधीतरी उतरवून घेतलेली, खिशातली, म्हणजे प्लगिनसोबत ठेवलेली स्वतःची प्रत. तुमच्या अशिलाचं आणि माझं भांडण एवढंच. ती म्हणते दारावरची वाचा. मी म्हणतो खिशातली बरी.

का बरी, तेही लिहून घ्या. आमच्या कचेरीत नऊ हॉल. नऊ हॉलांत एडिटरची चार वेगवेगळी व्हर्जन्स. दोन मशीनवर तर दारावर यादीच नव्हती, कोणीतरी जागा वाचवायला काढून टाकलेली. दारावरची यादी वाचायची तर टाचणी चार वेळा बिल्ड करा, चार वेळा तपासा, आणि कुठल्या हॉलात कुठली गेली ते लक्षात ठेवा. माझी प्रत घेतली की टाचणी एक, वागणं एक. सात वर्षं चाललं तसं. एक तक्रार दाखवा.

मग आमच्या बहीणबाई विभागप्रमुख होऊन आल्या. पहिल्याच महिन्यात सगळ्या मशीनवर एकच व्हर्जन आणलं. चांगलं केलं, मी तोंडावर म्हणालो होतो तसं. पण नंतरची सभा आठवते का तुला? मोठ्या हॉलात, चाळीस टायपिस्टांसमोर. ‘यापुढे प्रत्येक प्लगिन मशीनवरच्या हेडरवर बिल्ड होईल. खिशातल्या याद्या कोणीही आणायच्या नाहीत.’ प्लगिन लिहिणारा कचेरीत एकच माणूस. मग ‘कोणीही’ म्हणजे किती जण गं?

शिपाई मागून म्हणाला, “दादासाहेब, खिसे तपासू का?” सगळा हॉल हसला. तू हसली नाहीस, हे खरं. तू कागद सरळ करत होतीस. हसली असतीस तर बरं झालं असतं.

उत्तर तुझ्या वकीलबाईंना चौकशी समितीच्या कागदांत मिळेल. मी तिथे जबाब दिलेला आहे.

दादा


१५ मार्च

या वेळी मायना लिहीत नाही. तूही लिहिला नव्हतास.

जबाबाची नक्कल तुला मिळाली, तू वाचलीस, आणि काल फोनवर वहिनीला म्हणालीस, “दादा खोटं बोलत असेल तर मला तो बोलतोय असं वाटायला नको, कोणीतरी दुसरा बोलतोय असं वाटू दे.” वहिनीने ते मला जसंच्या तसं सांगितलं. स्वयंपाकघरात उभी राहून, हातातला चिमटा माझ्याकडे रोखून. आई बाहेरच्या खोलीतून विचारत होती, कोणाचा फोन. मी म्हणालो, चुकीचा नंबर.

जबाबात मी काय म्हणालो ते इथे पुन्हा लिहितो, म्हणजे अक्षर माझं असेल. ‘एडिटरचं नवं व्हर्जन आल्यावर टाचणी चालेना. विभागप्रमुखांच्या लेखी आदेशाप्रमाणे मी ती मशीनवरच्या हेडरवर पुन्हा बिल्ड केली. त्यानंतर बिघाड झाला.’ संचालकांनी विचारलं, “म्हणजे बाईंच्या नियमामुळे झालं असं म्हणायचं?” मी म्हणालो, “मी तंत्रज्ञ आहे, निष्कर्ष तुमचे.” फार हुशारीचं उत्तर दिलं असं तेव्हा वाटलं होतं. जिन्यावरून उतरताना छातीवर हात फिरवत उतरलो.

आता पेन्सिलबाईंचं. त्या सोमवारी घरी आल्या होत्या. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल तशीच. चप्पल बाहेर काढली, पाणी घेतलं नाही. खुर्चीच्या काठावर बसून म्हणाल्या, “तुमची टाचणी मला टोचली हो, दादासाहेब.”

मी म्हणालो, “समितीचं काम चालू आहे, मला बोलता येत नाही.”

“मला कुठे बोलायचंय? मला विचारायचंय. एकोणतीस वर्षं टाइप करतेय. सत्तावीस माणसांच्या साक्षी मी टाइप केल्या, अकरा दिवसांत. कारखान्याच्या आगीतली माणसं. एक जण तर अर्धा तास नुसता खोकत होता, मी तेही लिहिलं, कंसात. आणि कोर्टातून कळवतात, प्रत्येक फाईलीत चार-पाच ओळीच आहेत. नाव, गाव, शपथ, संपलं. रेकॉर्डिंगं नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी पुसलेली. हॉलातल्या बाकी कोणाचं काही गेलं नाही. माझंच कसं?”

“तुम्ही फाईल बंद कशी करायचात?”

“नेहमीसारखीच. टाइप संपलं की शेवटून वर वाचत जाते. खालून वर वाचलं की चूक दिसते, डोळा फसत नाही. वर पोचले, पहिल्या पानावरचं काही असेल ते दुरुस्त केलं, की बंद.”

“म्हणजे बंद करताना कर्सर पहिल्या पानावर.”

“असणारच. वाचून संपलं की मी तिथेच असते.” अंबाड्यातली पेन्सिल चाचपत म्हणाल्या, “बाकीच्या पोरी टाइप संपलं की तशीच बंद करतात. परत वाचत नाहीत. त्यांच्या फाईली शाबूत. मग मी वाचलं हीच माझी चूक का हो?”

मला त्याच क्षणी कळलं होतं, त्या अजून खुर्चीवर नीट टेकल्याही नव्हत्या. तुलाही हे वाचताना कळलं असेल. ही माहिती मी समितीला दिलेली नाही.

त्या उठताना म्हणाल्या, “बाई वाईट नाहीत तुमच्या. मला फाईलीचं विचारायला स्वतः आल्या होत्या टेबलापाशी. ओरडल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.”

तर आता तू ३० तारखेपर्यंत काय करायचं ते कर.

द.


२२ मार्च

ठमे,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल.

पेन्सिलबाई गेल्या त्या दुपारी मी जुनं मशीन काढलं, नवं एडिटर चढवलं आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. माझी आणि दारावरची. वकीलबाईंसाठी सोपं लिहितो, त्या चांगल्या असतील, पैसे घेतात म्हणून रागवायचं कारण नाही.

माझ्या यादीत चौथा खण: कर्सर कुठे आहे. पाचवा खण: मजकूर एकूण किती लांब आहे. टाचणी फाईल साठवताना पाचव्या खणात हात घालते, लांबी काढते आणि तेवढा मजकूर लिहिते. नव्या एडिटरच्या लोकांनी तिसऱ्या जागी एक नवा खण घुसवला. त्यामुळे चौथ्यातलं पाचव्यात सरकलं. टाचणीने पाचव्यात हात घातला, लांबीच्या जागी कर्सर हाती आला, आणि कर्सरपर्यंतचाच मजकूर साठवून ‘साठवलं’ म्हणून शिक्का मारला. शिक्का बघून एडिटरने बंद होताना काही विचारलं नाही. जिचा कर्सर शेवटी, तिचं सगळं राहिलं. जी परत वर गेली, तिचं गेलं. टाचणीची बाकीची कामं पहिल्या दोन खणांवर चालतात, म्हणून अकरा दिवस कोणाला पत्ता लागला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. माझं हेडर. खिशातलं.

पण तेवढ्याने भागत नाही. तू विचारशील, आणि तू विचारणारच, की जुन्या यादीवर बिल्ड केलेलं प्लगिन नव्या एडिटरने घेतलंच कसं? नाकारायला हवं होतं. नाकारलंच होतं. यादीच्या माथ्यावर त्या यादीचा आकडा असतो (जुन्या चारही व्हर्जन्सचा अठराच होता), प्लगिन आत येताना तो दाखवतं, एडिटर जुळवून बघतं. नवं एडिटर चढवलं त्या शुक्रवारी स्पष्ट लिहून आलं: हे प्लगिन जुन्या व्हर्जनसाठी आहे. तू दारात येऊन म्हणालीस, “दादा, चारपर्यंत होईल ना? मशीनवरचं हेडर घे, बाकी काही करावं लागणार नाही.” मी म्हणालो, “मला शिकवू नकोस.” तू गेलीस.

मी माझी प्रत उघडली. माथ्यावर अठरा होतं. त्याचं एकोणीस केलं. हाताने, एक आकडा. बिल्ड केलं. एडिटरने निमूट आत घेतलं. दोन वेळा टाइप करून पाहिलं, फाईल नीट साठली, कारण माझाही कर्सर शेवटीच होता. चारला पाच कमी असताना तुला निरोप धाडला की झालं. तू ‘टाचणी तपासली’ या फॉर्मवर सही केलीस. माझ्या शब्दावर.

दारावरची यादी घेतली असती तर कोडची एक ओळ बदलावी लागली नसती. तेच कोड, पुन्हा बिल्ड, खण आपोआप बरोबर मोजले गेले असते. परवा मोजून पाहिलं. नव्वद सेकंद.

का नाही घेतली? तू मनाशी म्हणशील, हट्ट. शिपाई हसला म्हणून. तेही आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती प्रत तू पाहिलेली नाहीस एवढ्यात. अडतिसाव्या वर्षी मला यातलं काही कळत नव्हतं तेव्हा मी ती फाईल वहीत उतरवली होती, तेराशे चाळीस ओळी, बॉलपेनने, रोज एक पान. मग मशीनवर पुन्हा टाइप केली, आणि जिथे जे कळलं तिथे ते आपल्या भाषेत शेजारी लिहिलं. सगळं कळायला दोन वर्षं लागली. दुसऱ्या कोणाच्या मशीनवर त्या हेडरची शेजारची जागा कोरी आहे. माझ्या प्रतीत एकही ओळ मुकी नाही.

ओळ एकशे बारा. तिथे एका नावाआधी तारा (*) होता आणि मला तो आठ दिवस कळत नव्हता. तू तिसऱ्या वर्षाला होतीस, त्याच टेबलावर, पाय वर घेऊन बसलेली. न बघता म्हणालीस, “दादा, ती वस्तू नाही रे, वस्तूचा पत्ता आहे. पत्ता चुकला की दुसऱ्याच्या घरात शिरशील.” मी ते तसंच्या तसं लिहून ठेवलं. अजून आहे. म्हणून पहिल्या पत्रातलं एक वाक्य खोडतो: सगळ्या ओळी माझ्या नाहीत. लोकांना सांगताना मी ती ओळ धरत नाही, बारा वर्षं झाली.

हे माफी मागायला लिहिलेलं नाही. तू मला त्या सभेआधी खोलीत बोलावून सांगू शकली असतीस. दार लावून, पाच मिनिटं. आईसमोर आपण कधी एकमेकांना खाली पाहायला लावलं नाही. ते तू चाळीस जणांसमोर केलंस, आणि ते मी विसरणार नाही. आपापलं ओझं आपापल्याकडे.

दादा


२९ मार्च

ठमे,

उद्या सुनावणी. हे पत्र शिपायाच्या हाती पाठवतो आहे, तो तुझ्या रस्त्यावरूनच जातो. खिसे तपासून घे म्हणावं.

सोबत तीन गोष्टी आहेत. पहिली, माझ्या नव्या जबाबाची नक्कल, चार पानं, खाली सही. त्यात शुक्रवार, अठरा, एकोणीस, पाचवा खण, सगळं आहे, आणि आधीचा जबाब खोटा होता हेही आहे, याच शब्दांत. दुसरी, माझ्या हेडरची छापील प्रत, समितीला जोडली तशीच. एकशे बारावी ओळ बघायची तर बघ. तिसरी, रुमालात गुंडाळलेली सागाची चकती. एक सूत जाड, रंधून घासलेली. टेबलाच्या मागच्या डाव्या पायाखाली बसेल. कागद काढून टाक.

पेन्सिलबाईंना काल जाऊन सांगितलं. हळूच सांगावं असं काही नव्हतंच. त्या म्हणाल्या, “मग मी परत वाचायची सवय सोडू नको ना?” मी म्हणालो, नका सोडू. त्या सत्तावीस माणसांना आता परत बोलावणार आहेत, परत तेच सगळं बोलायला. त्यातला खोकणारा येणार नाही म्हणतो. हे माझ्या नावावर. जबाबात तिसऱ्या पानावर आहे.

माझं कंत्राट पंधरवड्यात संपतंय, पुढे होणार नाही. पेडलं तिथेच राहू देत, पायांचा काय दोष? आईला आज सांगितलं की तो चुकीचा नंबर नव्हता. ती म्हणाली, “मला माहीत आहे, चुकीच्या नंबरवर वहिनी इतका वेळ बोलत नाही.” मग कपाटातून स्वतःची गोळी स्वतः काढून घेतली. दारावरची यादी वाचून.

आता एकच राहिलं. ते जबाबात नाही, कारण तिथे त्याचा संबंध नाही. तुला कोणाकडून तरी कळेलच, तेव्हा आकड्यासकट माझ्याकडून कळलेलं बरं. मंगळवारी, म्हणजे मी नवा जबाब दाखल करण्याच्या आदल्या दिवशी, संचालकांनी मला वर बोलावलं. चहा मागवला, मला ‘साहेब’ म्हणाले. म्हणाले, पहिला जबाब तसाच राहू द्या, उद्या फक्त त्याखाली एक सही करा, तुमच्या हातात कला आहे, पदवीचं आम्ही बघून घेऊ. मी चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि नको म्हणालो. ते देऊ करत होते ते असं: तुझी खोली, तुझी खुर्ची, दारावर माझ्या नावाची पाटी, आणि महिना एकसष्ट हजार चारशे, म्हणजे तुला देत होते त्यापेक्षा चार हजारांनी जास्त.